आधी विमान, मग गाडी: चालत्या-पळत्या मुलाला घेऊन प्रवास

आमच्या लेकीचं आजोळ लांब आहे. आधी अडीच तास विमान, मग चार तास गाडी. ती १३ महिन्यांची असताना पहिल्यांदा गेलो, आता ती सव्वातीन वर्षांची आहे. एवढ्या काळात ११ वेळा जाऊन आलो, त्यातल्या ४ वेळा मी एकटी तिला घेऊन गेले. तान्ह्या बाळाला घेऊन जाणं त्या मानाने सोपं असतं, ते ठेवलं तिथे राहतं. चालायला लागलेलं मूल तसं राहत नाही, आणि समजावून सांगितलेलं ऐकण्याचं वय अजून आलेलं नसतं. अडचण येते ती या मधल्या दीड-दोन वर्षांत, म्हणून त्याच वयाबद्दल लिहिते आहे.

पहिल्या तीन प्रवासांत मी तिच्याशी प्रत्येक गोष्टीवरून वाद घातला. बूट काढू नकोस, खाऊ सांडू नकोस, खिडकीची झडप सारखी वरखाली करू नकोस. तासाभरात दोघी थकायचो, आणि नेमकी पट्टा बांधायची वेळ आली की माझ्यात बळ उरलेलं नसायचं. चौथ्या वेळी घरातून निघतानाच ठरवलं की दोनच गोष्टी माझ्या मनाप्रमाणे होतील. सीटवर पट्टा बांधायचा, आणि गाड्या असतील तिथे हात धरायचा. बाकी सगळ्याला ‘हो’. बूट काढायचेत? काढ. तेच पुस्तक नवव्यांदा वाचायचंय? वाचू. त्या दिवशी पट्ट्याच्या वेळी ती रडली, पण सहा-सात मिनिटांत थांबली, कारण दिवसभरात तिला मिळालेला तो पहिलाच नकार होता. पुढे सांगते ते सगळं या एका ठरावाभोवती उभं आहे.

तिकीट काढताना

बहुतेक विमान कंपन्यांमध्ये २ वर्षांखालचं मूल मांडीवर बसवून नेता येतं. दुसरा वाढदिवस झाला की स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: जाताना मूल २३ महिन्यांचं असेल आणि परत येईपर्यंत २ वर्षांचं होणार असेल, तर परतीला सीट लागते. तारखा पक्क्या करण्याआधी वाढदिवस मोजून पाहा, आणि वयाचा पुरावा छापील स्वरूपात जवळ ठेवा. परदेशी जाताना आई-वडिलांपैकी एकटंच कोणी सोबत असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र मागितलं जाऊ शकतं. तेही आधीच तयार ठेवलेलं बरं.

परवडत असेल तर २ वर्षांच्या आधीही वेगळी सीट घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, स्पष्ट सांगतं की २ वर्षांखालच्या मुलासाठी विमानातली सगळ्यात सुरक्षित जागा मान्यताप्राप्त चाइल्ड सीट आहे, आईबाबांची मांडी नाही. अचानक मोठा हेलकावा बसला तर मूल हातात धरून ठेवता येत नाही. युरोपात मांडीवरच्या मुलाला आईच्या पट्ट्याला अडकवायचा छोटा जोडपट्टा देतात, अमेरिकेत तो चालत नाही. त्यामुळे कोणत्या विमानात काय मिळेल ते आधी विचारा. आम्ही ती दीड वर्षाची झाल्यापासून तिची वेगळी सीट घेतो. खर्च वाढतो, पण तिला स्वतःची जागा मिळते आणि माझे हात मोकळे राहतात.

गाडीतली चाइल्ड सीट विमानात न्यायची असेल तर तिच्यावर विमानासाठी मान्यता असल्याचं लेबल हवं. ते लेबल आधी शोधून त्याचा फोटो काढून ठेवा, कारण दारात कर्मचारी तेच विचारतात. साधारण ४० सेंटीमीटरपर्यंत रुंद असलेली चाइल्ड सीट बहुतेक विमानांच्या सीटवर बसते. ती सहसा खिडकीशीच लावायची असते, म्हणजे बाहेर पडताना कोणाची वाट अडत नाही. आपत्कालीन दाराच्या रांगेत ती चालत नाही. सीट न्यायची नसेल तर केअर्स नावाचा हलका पट्ट्यांचा हार्नेस मिळतो. तो विमानाच्या सीटच्या पाठीला अडकवतात. वजन १० ते २० किलो आणि उंची १ मीटरपर्यंत असलेल्या मुलासाठी तो आहे, आणि तो गाडीत मात्र अजिबात वापरायचा नाही.

पहिल्या रांगेतली, समोर भिंत असलेली जागा लोक हौसेने मागतात. पायाशी मोकळी जागा मिळते हे खरं. पण तिथे समोर सीट नसल्यामुळे पिशवी पायाशी ठेवता येत नाही, ट्रे हाताच्या दांडीत असल्यामुळे ती दांडी वर जात नाही, आणि त्या भिंतीला लावून देतात तो पाळणा चालत्या मुलाला बहुधा पुरत नाही. मी मागच्या बाजूची, शौचालयापासून तीन-चार रांगा पुढची जागा घेते.

वेळेबद्दल सगळे सांगतात की झोपेच्या वेळेचं विमान घ्या. रात्रभराच्या लांब प्रवासाला ते ठीक आहे. पण आमच्यासारखं छोटं विमान आणि पुढे लांबची गाडी असेल, तर झोप गाडीसाठी राखून ठेवा. विमानात तिला उभं करता येतं, मधल्या वाटेने फिरवता येतं, मी शेजारी बसलेली असते. गाडीत यातलं काहीच नसतं, तिथे पट्टा बांधून बसणं एवढंच. म्हणून आता सकाळी लवकरचं विमान घेते. ती पूर्ण जागी असते, आणि गाडी सुरू होते तेव्हा तिची दुपारची झोप आलेली असते. चार तासांतले दोन तास ती झोपेत काढते.

पिशवीत काय

मोठ्या पिशवीत हवं ते भरा. पण तिच्या आत एक लहान पिशवी वेगळी करा, जी सीटच्या खिशात मावेल: दोन डायपर, ओल्या पुसण्यांचं छोटं पाकीट, मुलाच्या कपड्यांचा एक जोड, दोन घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. मोठी पिशवी वरच्या कप्प्यात गेली आणि पट्ट्याचा दिवा लागला की या लहान पिशवीतलं आहे तेवढंच तुमचं.

मोठ्यांसाठीही एक टी-शर्ट घ्या. दुसऱ्या प्रवासात विमान उडायच्या आधीच ती माझ्या अंगावर ओकली. तिचे तीन जोड होते, माझा एकही नव्हता. पुढचे सात तास मी त्याच शर्टात काढले, आणि त्या वासाने तिला पुन्हा मळमळत राहिलं. तेव्हापासून माझा शर्ट तिच्या कपड्यांच्याही वर असतो.

डायपर प्रवासाच्या दर तासाला एक, वर आणखी तीन. हे जास्त वाटतं, पण विमान उशिरा सुटलं की हिशेब पटतो. उभ्या मुलाला घालता येतात ते पँटसारखे डायपर घ्या. विमानातल्या शौचालयात कमोडच्या वर भिंतीतून खाली येणारी एक फळी असते. दोन वर्षांच्या मुलाला तिच्यावर झोपवलं तर पाय भिंतीला लागतात आणि मूल घाबरतं. कमोडचं झाकण लावून त्यावर उभं करा, एका हाताने कमरेला धरा आणि दुसऱ्याने बदला. घरी दोनदा असं उभ्या-उभ्या बदलून पाहिलं की हात बसतो.

खेळण्यांसाठी वेगळा खर्च करू नका. चाकं असलेलं, घरंगळणारं, आवाज करणारं काहीही नको. पुढच्या सीटखाली गेलेलं खेळणं उतरेपर्यंत मिळत नाही, आणि तेवढा वेळ ते हवंच असतं. माझ्याकडची सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे कागदी चिकटपट्टी, रंगारी भिंतीच्या कडेला लावतात ती. मी तिचे बोटभर लांबीचे तुकडे समोरच्या ट्रेवर एकाखाली एक लावते आणि प्रत्येकाचं एक टोक किंचित दुमडून ठेवते. ती नखाने ते टोक पकडते, हळूहळू सोलते. पट्टी सुटताना बारीक आवाज येतो, तो तिला फार आवडतो. सोललेला तुकडा ती माझ्या हातावर चिकटवते, मग तिथून काढून खिडकीच्या कडेला लावते. तुकडे कमी झाले की आपणच मागते, “अजून लाव.” एका रिळावर आमची सलग चाळीस मिनिटं गेली आहेत, आणि उतरताना सगळं एका मुठीत गोळा होतं, मागे डाग राहत नाही.

मोबाइलवर गोष्टी दाखवायला मी नाही म्हणत नाही. फक्त तो शेवटच्या तासासाठी राखून ठेवते. सुरुवातीलाच दिला तर नंतर काहीच चालत नाही.

विमानतळावर

प्रवाशांनी जवळ नेण्याच्या द्रव पदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा असते तिथेही लहान मुलाचं दूध, पाणी आणि खाणं यांना बहुतेक ठिकाणी सूट मिळते. पण ते वेगळं काढून दाखवावं लागतं. सगळं एका पारदर्शक पिशवीत ठेवा आणि तपासणीआधी स्वतःहून सांगा.

तपासणीत आमची खरी अडचण वेगळीच निघाली. स्ट्रोलर घडी करून तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावर, बूट पट्ट्यावर, आणि तिची कापडी बाहुलीही पट्ट्यावर गेली. बाहुली त्या काळ्या झडपांच्या आत दिसेनाशी झाली आणि लेकीने अंग टाकलं. पुढच्या प्रवासाआधी आम्ही घरी रिकाम्या खोक्याची दोन्ही टोकं उघडली आणि बाहुली एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, असा खेळ आठवडाभर खेळलो. आता ती स्वतः बाहुली ट्रेमध्ये ठेवते आणि पलीकडे जाऊन वाट बघते. लहान मुलाला अनोळखी गोष्टीची जेवढी धास्ती असते तेवढी लांब प्रवासाची नसते, त्यामुळे घरी खेळून दाखवता येईल ते सगळं दाखवा. खुर्चीला ओढणी बांधून पट्टासुद्धा.

स्ट्रोलर विमानाच्या दारापर्यंत नेऊन तिथे देता येतो का, ते विचारून घ्या. तो परत दारातच मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हेही विचारा, नाहीतर उतरल्यावर झोपलेलं मूल कडेवर घेऊन लांब चालावं लागतं.

लहान मुलांना आधी आत सोडतात, पण आम्ही ती सवलत निम्मीच घेतो. नवरा सामान आणि चाइल्ड सीट घेऊन आधी आत जातो. मी तिला गेटजवळच्या मोकळ्या जागेत पळवते, काचेतून विमानं मोजते, उड्या मारायला लावते आणि अगदी शेवटच्या हाकेला आत जाते. अर्धा तास कमी बसावं लागतं. एकटी असते तेव्हा मात्र आधीच जाते, कारण सीट बसवायला दोन्ही हात आणि थोडी जागा लागते.

हवेत

विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. आत साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा असतो. कानाच्या पडद्यामागची पोकळी आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी असते. लहान मुलांमध्ये ती आखूड, अरुंद आणि जास्त आडवी असते, त्यामुळे दाब बदलला की तिला तो लगेच जुळवून घेता येत नाही. मूल गिळतं तेव्हा ती क्षणभर उघडते. एवढंच शास्त्र लक्षात ठेवलं की काय करायचं ते कळतं: चढताना आणि उतरताना मुलाने काहीतरी गिळत राहायला हवं.

जास्त दुखतं ते उतरताना. आणि उतरणं सुरू होतं ते जमीन दिसायच्या कितीतरी आधी, साधारण अर्धा तास. मी इंजिनचा आवाज बदलला, पोटात हलकंसं आलं, की पाण्याची बाटली काढते. घोट-घोट, मधे मधे केळ्याचा तुकडा. मूल स्तनपान करत असेल तर तेच सगळ्यात चांगलं. झोपलेलं असेल तर मी उठवते, कारण झोपेत गिळणं फार कमी होतं. उठवलं म्हणून ती कुरकुरते, पण कान दुखून किंचाळत उठण्यापेक्षा ते बरं. सर्दी किंवा कानाचा संसर्ग असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवूनच जा.

नळी असलेली बाटली असेल तर एक काळजी घ्या. जमिनीवर घट्ट बंद केलेल्या बाटलीत जमिनीवरचाच दाब राहतो. वर गेल्यावर झाकण उघडलं की आतली हवा पाण्याला नळीतून वर ढकलते, आणि पाणी कारंज्यासारखं उडतं. आमच्या पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या मानेवर उडालं होतं. ते हसले, माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं होतं. आता विमान वर गेलं की बाटलीचं वरचं मोठं झाकण आधी अर्धा फेरा सैल करते, मग परत लावून नळी उघडते.

केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते. पाणी देत राहा. पोट भरून जेवू मात्र घालू नका, वर गेल्यावर पोटातला वायूही फुगतो. थोडं थोडं, वारंवार.

ऑक्सिजन मास्क खाली आला तर आधी स्वतःचा लावा, मग मुलाचा. मला हे आई म्हणून ऐकवत नव्हतं. मग कळलं की ३५,००० फुटांवर माणसाची धड शुद्ध साधारण अर्धा ते एक मिनिटच टिकते. मी बेशुद्ध झाले तर तिला मास्क कोण लावणार?

मुलाला झोप यावी म्हणून सर्दीचं किंवा ॲलर्जीचं औषध देण्याचा सल्ला मला तीन जणांनी दिला. देऊ नका. काही मुलांना त्याने झोप येण्याऐवजी उलट बेचैनी येते, आणि लहान मुलात मात्रा चुकली तर श्वासावर परिणाम होऊ शकतो. औषधाचा विचार असेलच तर तो फक्त तुमच्या डॉक्टरांशी बोलून.

आणि मूल रडलं तर? रडू दे. छातीशी धरा, कानात हळू बोला, उभं राहता येत असेल तर उभ्या राहा. आजूबाजूच्या लोकांची माफी मागत बसण्यात जो वेळ जातो, तो मुलाचा असतो.

उतरताना घाई करू नका. सगळे उतरू द्या. तेवढ्यात सीटखाली, खिशात, खिडकीच्या फटीत बघून घ्या, आणि पुढच्या गाडीप्रवासाआधी डायपर बदला.

गाडीत बसायच्या आधी

इथे मी सगळ्यात हट्टी आहे.

दहा किलोचं मूल मांडीवर आहे, गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि कशावर तरी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असं धरा. त्या क्षणी मुलाला धरून ठेवायला जवळपास १४० किलो वजन तोलण्याएवढा जोर लागतो. तेवढा कोणाच्याच हातात नसतो. म्हणून अंतर पाच मिनिटांचं असो की पाच तासांचं, चाइल्ड सीट हवीच. विमानतळावरून गाडी करताना ती उपलब्ध आहे का ते आधी विचारा. भाड्याची सीट असेल तर तिच्यावर छापलेली मुदतीची तारीख बघा, पट्टे विरलेले नाहीत ना, कवचाला तडा नाही ना, बक्कल टकटक आवाज करून बसतं का, हे उजेडात तपासा. अपघात झालेली सीट वापरायची नसते, आणि भाड्याच्या सीटचा इतिहास आपल्याला कळत नाही. म्हणून आम्ही आमचीच नेतो.

सीट कुठल्या दिशेला तोंड करून लावायची याबद्दल घराघरांत मतभेद असतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, म्हणजे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, २०१८ मध्ये सल्ला दिला की सीटच्या कमाल वजन-उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मूल मागच्या बाजूला तोंड करूनच बसवावं. युरोपातल्या आर १२९ या नियमात १५ महिन्यांपर्यंत ते सक्तीचं आहे, आणि स्वीडनमध्ये मुलं ४ वर्षांची होईपर्यंत तशी बसतात. कारण सरळ आहे: लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली तर मागे तोंड असलेल्या सीटची पाठ डोकं, मान आणि पाठ या सगळ्यांना एकत्र सावरते. “तिचे पाय दुमडले जातात” असं आमच्या घरीही सगळे म्हणाले. मुलं मांडी घालून, पाय वर करून मजेत बसतात. पण पुढच्या सीटवर, समोर चालू एअरबॅग असताना, मागे तोंड असलेली सीट कधीही लावायची नाही.

लावून झाल्यावर दोन गोष्टी बघा. गाडीचा पट्टा किंवा आयसोफिक्सची (पट्ट्याऐवजी सीट थेट गाडीला अडकवायची) कडी सीटमधून जिथे जाते, तिथे धरून सीट जोरात हलवा. अडीच सेंटीमीटरहून जास्त हलता कामा नये. मग मुलाला बसवून खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. कापडाची घडी चिमटीत आली तर पट्टा सैल आहे. तोंड मागे असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत, पुढे असेल तर खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून.

पाचव्या प्रवासात गाडी भरधाव चालली असताना मी मागे वळून पाहिलं तर तिने एक हात पट्ट्यातून बाहेर काढला होता. कारण थंडी होती म्हणून मी जाड जॅकेटवरून पट्टा बांधला होता. जॅकेट दाबलं जातं, आणि वरून घट्ट दिसणारा पट्टा आत सैल असतो. सुरक्षित जागी गाडी थांबवली, जॅकेट काढलं, पट्टा आवळला आणि पांघरूण पट्ट्याच्या वरून घातलं. ती वीस मिनिटं ओरडत होती. चालत्या गाडीत मुलाला बाहेर काढायचं नाही, पट्टा सैलही करायचा नाही. फार रडत असेल तर गाडी थांबवायची, बाहेर काढायचं, कडेवर घ्यायचं, आणि परत बांधूनच निघायचं.

वाटेत

दर दोन तासांनी थांबा, आणि थांबलात की मुलाला पळू द्या. वेळ वाचवायला थांबणं टाळलं की तो वेळ पुढे रडण्यात जातोच. ज्याला मूल सांभाळायचं आहे त्याने मागे मुलाच्या शेजारी बसावं. एकट्याने चालवत असाल तर पडलेलं खेळणं उचलायला मागे हात घालू नका, आधी थांबा.

खाण्याबाबत एक काळजी. मागे तोंड केलेलं मूल समोरून दिसत नाही, आणि घशात अडकलेलं मूल अनेकदा आवाज करत नाही. द्राक्षं अख्खी कधीच देऊ नका, उभी चिरा. शेंगदाण्यासारखे कडक दाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या चार वर्षांपर्यंत नकोच. मागे कोणी बसलेलं नसेल तर चालत्या गाडीत फक्त पाणी द्या, खाणं थांबल्यावर.

गाडी लागणं दोन वर्षांच्या आत कमी दिसतं, दोन ते बारा या वयात बरंच. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल कळते, पण डोळे पुस्तकावर किंवा पडद्यावर खिळलेले असतात, आणि या दोन खबरी जुळत नाहीत. म्हणून वळणावळणाच्या रस्त्याला पुस्तक आणि मोबाइल बाजूला. खिडकीबाहेर लांबचं काहीतरी दाखवा, काच थोडी खाली करा. तोंड एकदम गप्प पडलं, चेहरा पांढरा झाला, लाळ गिळायला लागली, की आमच्याकडे दोन मिनिटं असतात. गाडी थांबते.

मागच्या काचेपाशी बाटली, टॅब, बूट, काहीही सुटं ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की ते पुढे उडतं. मागच्या दारांची चाइल्ड लॉक निघतानाच लावा.

बंद गाडीत मूल एक मिनिटही एकटं ठेवू नका, झोपलेलं असलं तरी, काच उघडी असली तरी. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान १० मिनिटांत ११ अंश सेल्सिअसने वाढू शकतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापतं. लांबच्या प्रवासात थकलेल्या माणसाकडून विसर पडू शकतो, हे मान्य करूनच सोय करा. मी पर्स आणि डावा बूट मागच्या सीटखाली ठेवते. माझ्या पर्सशिवाय आणि बुटाशिवाय मी गाडीतून उतरू शकत नाही. उन्हात गाडी उभी केली तर चाइल्ड सीटवर पांढरं कापड टाका, आणि बसवण्याआधी बक्कलचा धातू स्वतःच्या मनगटाला लावून बघा.

पोचल्यावर

पहिल्या संध्याकाळी काहीही ठरवू नका. सगळ्यांना तिला उचलून घ्यायचं असतं, पण सात तास बांधून बसलेल्या मुलाला आधी जमीन हवी असते. मी तिला अंगणात सोडते आणि आजीला सांगते, तिच्या जवळ बस, उचलू नकोस, ती आपणच येईल. दहा-पंधरा मिनिटांनी येते.

घड्याळं बदलणारा प्रवास असेल तर साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस, असा हिशेब धरा. सकाळचं ऊन आणि मोकळ्यावर खेळणं यांनी झोप सगळ्यात लवकर जागेवर येते.

त्याच रात्री, ती झोपल्यावर, मी लहान पिशवी रिकामी करून पुन्हा भरते. दोन डायपर, पुसण्या, कपड्यांचा जोड, प्लॅस्टिकच्या पिशव्या, माझा टी-शर्ट. सीटचं कापड काढून धुवायला टाकते. आणि चिकटपट्टीचं रीळ किती उरलंय ते बघते. परतीला एक पूर्ण रीळ लागतं.